बियांची आंघोळ

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला दोन देव दाखवण्यात आले. एक देवघरातला, त्याला नमस्कार करायचा होता. दुसरा पडवीच्या वाशाला सुंभाच्या जाळीत टांगलेला, पिवळट तपकिरी, हातभर लांब आणि पोटाशी चांगला गरगरीत. त्याला नमस्कार करायची सक्ती नव्हती, पण डोक्यावर घागर असली तर त्याच्याखालून वाकून जायचं होतं. ते आमचं बियाण्याचं तवसं. घरात माणसं तापानं पडत, गुरं डोंगरात चुकत, माझा नवरा मुंबईहून शिमग्याला यायचा राहून जाई. पण माझे सासरे, म्हणजे मामंजी, सकाळी उठून पहिली नजर टाकत ती त्या जाळीकडे.

तवसं म्हणजे पावसाळी मोठी काकडी. घाटावरच्या वाचकांनी आपल्या कोशिंबिरीतल्या बोटभर काकडीशी तिचं नातं जोडू नये. तसं कोणी जोडलेलं मामंजींना खपत नसे. आमच्या तवशाचा मोठेपणा असा, की ते देठापासून शेंड्यापर्यंत कुठेही कडू लागत नसे. इतरांच्या तवशाचा देठाकडचा तुकडा कापून, घासून, फेस काढून टाकावा लागे. आमचं मात्र देठासकट खा. मी ते देठासकट खाल्लं आहे आणि ते खरोखरच गोड होतं. एवढं एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढे जे बोलायचं आहे ते मोकळेपणानं बोलता येईल.

आमचं गाव सावर्ड्याच्या बाजारापासून चालत जाण्याइतकं जवळ आणि चालत परत यायचा कंटाळा येण्याइतकं लांब. एकोणीसशे वीस सालानंतरची दहाएक वर्षं समजा. माझे वडील मराठी शाळेत मास्तर, म्हणून मला लिहिता-वाचता येत होतं. सासरी या विद्येचा उपयोग फक्त मुंबईहून आलेल्या बियांच्या पाकिटावरचं वाचून दाखवण्यापुरता झाला. माझ्या नवऱ्यानं एकदा कोबीच्या बियांचं पाकीट आणलं होतं. पाकिटावर कोबीचा रंगीत गड्डा, शेजारी टोपीवाला साहेब. कोबी उगवला, पानं आली, आणखी पानं आली, आणि गड्डा धरायचा त्याला अखेरपर्यंत आठवलं नाही. मामंजींनी ती पानं म्हशीला घातली आणि पाकीट जपून ठेवलं. साहेबाचं चित्र बरं होतं.

परड्यात लावायच्या भाजीचं बी निवडणं हे आमच्या गावात लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम होतं. लग्नात निदान मुलगी एकदाच बघतात. वैशाखात अंगणात सुपं मांडली जात आणि मामंजी पाटावर बसून बियांचा न्यायनिवाडा करत. भेंडी देवळाजवळच्या घरची घ्यायची की वरच्या वाडीतली? देवळाजवळची आखूड, पण भरघोस लागते. वरच्या वाडीतली लांबलचक आणि फिकी, दिसायला राजबिंडी. पण दुसऱ्या दिवशी तोडली तर दाताला दोरखंड. पडवळ पांढऱ्या पट्ट्यांचं घ्यावं तर त्याला सरळ वाढायला शेंड्याशी धोंडा बांधावा लागतो. बुटकं घ्यावं तर मांडवाची शोभा जाते. वांगं काटेरी असलं तर चवीला चांगलं, पण ज्यांनी ते दिलं त्या बाईंचा स्वभावही तसाच, म्हणून त्यांच्याकडे मागायला जायचं कोणी, यावर अर्धा दिवस जायचा. शेवटी मीच जायचे. मी नवी होते आणि मला काटे टोचले तरी चालण्यासारखं होतं.

लाल माठाचं बी मी माझ्या माहेराहून आणलं होतं. मामंजींनी ते चिमटीत धरलं, उजेडात बघितलं, फुंकलं आणि म्हणाले, "बरा हाय. गुरांच्या गोठ्यामागं टाका." त्या माठाची भाजी पुढे घरात सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. तरी तो गोठ्यामागचाच राहिला.

हे सगळं दुसऱ्यांकडून यायचं, याचं कारण गावातली एक चाल. बी मागायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की त्या वर्षी आपलंच बी मातीत कुजतं, रुजत नाही, असं सगळे मानत. भांडण असो, कोर्टकचेरी असो, बांधावरून डोकी फुटलेली असोत. सुपात बी असलं तर मागणाऱ्याच्या ओंजळीत घालायचंच. चाल मोठी चांगली होती. माणसं कितीही कोती असली तरी भाज्यांनी गावभर हिंडावं, अशी कोणा शहाण्यानं केलेली तजवीज असावी.

पण शहाण्यानं आमच्या मामंजींना पाहिलेलं नव्हतं. तवशाचं बी मागायला लोक येत, आणि मामंजी नाही म्हणत नसत. नाही म्हणायची भीती होती आणि द्यायची तयारी नव्हती. या दोन्हींच्या मधून त्यांनी वाट काढली होती ती अशी. माघात ते टांगलेलं तवसं खाली उतरवून चिरायचं. मधल्या भागातलं टपोरं बी घरासाठी वेगळं काढायचं. सासूबाई ते राखेत घोळून ओल्या शेणात कालवत आणि त्या शेणाच्या थाप्या चुलीमागच्या भिंतीला लावत, म्हणजे किडा लागत नसे. देठाकडचं आणि शेंड्याकडचं बी लोकांसाठी. ते फडक्यात बांधून मामंजी आंघोळीला जाताना बरोबर नेत. न्हाणीतल्या हंड्यात पाणी चांगलं कढत झालेलं असे. आधी पुरचुंडीची आंघोळ व्हायची, मग मामंजींची. मग बी सावलीत सुकवायचं आणि नव्या पुरचुंड्या बांधून माजघरातल्या खुंटीला लावून ठेवायच्या. दिसायला दोन्ही बियांत काही फरक नसे. फरक एवढाच की खुंटीवरचं बी जन्मात उगवणार नव्हतं.

लोक बी नेत, आळी करत, शेणखत घालत, वाट बघत. मग पुढच्या वर्षी पुन्हा येत आणि ओशाळून सांगत, की काही उगवलं नाही. मामंजी मान हलवत. "बी सारखाच असतो. हात लागतो, हात," असं म्हणून स्वतःचा उजवा पंजा असा पुढे धरत की समोरच्यानं त्याचं दर्शन घ्यावं. आणि लोक घेत! अख्ख्या वाडीत मामंजींच्या हाताला गुण आहे असं ठरून गेलं होतं. भाताचा तरवा, म्हणजे रोपांसाठीचं बी, पेरायचा असला की पहिली मूठ टाकायला लोक त्यांना बोलावून नेत. हे जात तेव्हा धोतर धुतलेलं असे.

घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं. माझी नणंद लहानपणापासून हे पाहत आलेली. तिला मी रिवाजाप्रमाणे वन्सं म्हणायचे, जरी ती माझ्याहून लहान होती. मामंजी न्हाणीत गेले की वन्सं माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "बाबा बियांना उटणा लावतायत गो वयनी," आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. सासूबाई ओरडत, पण त्यांचाही पदर तोंडाशी असे. फसणारे शेजारी असले की अशा गोष्टींची फार मजा वाटते.

वन्संचं लग्न खाडीपट्ट्यात ठरलं, अंजनवेलच्या अलीकडच्या एका गावात. मुलगी बघायला व्याही भाद्रपदात आले होते. मुलगी त्यांनी पाहिली असेल, पण जेवताना तवशाची फोड तोंडात गेली आणि ते मुलीला विसरले. देठाकडची फोड मुद्दाम मागून घेतली. लग्न वैशाखात झालं. वरात निघायच्या वेळी, सगळे रडत असताना, व्याही मामंजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तवशाचा बी तेवढा द्या हो पाव्हणं. पोरगी लावील आमच्या परड्यात." मामंजींनी डोळे पुसले आणि माजघरात गेले. मी दाराशी उभी होते. त्यांचा हात खुंटीवर गेला की भिंतीवर, ते मला दिसलं नाही, आणि ते बघायचं असतं असं माझ्या मनातही आलं नाही. स्वतःची लेक होती ना.

त्या वर्षी वन्सं गणपतीला माहेरी आल्या त्या जरा उतरलेल्या. बी उगवलं नाही. व्याही म्हणाले, असं कसं? सासू म्हणाली, असंच असतं, हात लागतो. मामंजींचं वाक्य खाडीपर्यंत पोहोचलेलं ऐकून मला गंमत वाटली. मामंजी तपकिरीची डबी शोधू लागले. डबी त्यांच्या हातातच होती. मग म्हणाले, "नवी माती. धरील हळूहळू. वैशाखात पुन्हा देतो."

पुढच्या वैशाखात वन्सं माहेरपण करून परत निघाल्या, तेव्हा मामंजींनी पुन्हा पुरचुंडी दिली. त्या गेल्या आणि सासूबाई परसात वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. खुंटीवरच्या पुरचुंड्या त्या वर्षी आधीच संपल्या होत्या, तरी दोरीवर मामंजींच्या धोतराशेजारी एक चौकोनी फडकं वाळत होतं. सासूबाईंनी ते हातात घेऊन हुंगलं. मग आत येऊन मामंजींना एवढंच विचारलं, "तिच्या पन?"

मामंजी म्हणाले, "तिच्या न्हवं. व्याह्याच्या. त्याच्या हातात एकदा गेला की खाडीच्या दोन्ही बाजूंना वाटील तो. मग आपल्या तवशाला विचारील कोन?"

या उत्तरात त्यांना काहीच खटकलं नाही, हे मला आजही नवलाचं वाटतं. पुरचुंडी व्याह्यांची होती आणि लेक स्वतःची होती, या दोन गोष्टी मामंजींनी दोन वेगळ्या खुंट्यांना टांगून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या गणपतीला वन्सं आल्या तेव्हा बियांचा विषय त्यांनी काढलाच नाही. मामंजींना हायसं वाटलं असावं. ते दोनदा मोदक मागून जेवले. तिसऱ्या प्रहरी मी आणि वन्सं जात्यावर बसलो होतो. खुंटा फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "माज्या हातालाच गुण नाय गो वयनी. मला आता बियाला हात लावून देत नायत."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. परड्यात भाजी लावायची ती जावेनं. वन्संनी चुकून कुठल्या आळ्यात बी टाकलं तर सासू ते उकरून जावेकडून पुन्हा टाकून घेई. भाताचा तरवा पेरायच्या दिवशी घरातल्या सगळ्या बाया शेतात उतरत, आणि वन्संना सांगितलं जाई, तू आपली बांधावर बस. भांडण नाही, मारझोड नाही. नुसतं बस म्हणायचे. शेजारची कोणी तिकडून जाताना विचारी, ही का बसलीय? मग सासू सांगे, हिचा हात लागत नाही. ज्या घरात शेतीवर पोट, तिथं असली सून म्हणजे काय, हे मी सांगायला नको. अजून मूल नव्हतं, आणि सासू आता तेही याच हिशेबात धरू लागली होती. वन्सं हे सांगत होत्या, बापाचा संशय त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता, आणि पीठ सांडत होतं. मला इतका संताप आला की हसू यायचं बंद झालं. खरं काय ते त्याच वेळी त्यांना सांगावं, असं वाटलं. पण तुझ्या बापानं तुझं बी उकडून दिलं, हे कुठल्या शब्दांत सांगतात? मी तसेच जात्यात दाणे घालत राहिले आणि वन्सं सासरी गेल्यावर सगळं सासूबाईंना सांगितलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बोलणं एकूणच कमी. आमच्या घरात बोलण्याचं काम मामंजींकडे होतं. माघ आला. तवसं उतरलं, चिरलं, मामंजींनी मधलं बी निवडलं, उरलेल्या बियांना आंघोळ घातली, थाप्या भिंतीला लागल्या, पुरचुंड्या खुंटीला गेल्या. मग एका बाजाराच्या दिवशी मामंजी सावर्ड्याला गेले, आणि सासूबाईंनी मला शेणाची पाटी आणायला सांगितली.

त्यांनी भिंतीवरच्या थाप्या उलथण्यानं अलगद सोडवल्या. पाट्यावर फोडून बी वेगळं केलं. मग खुंटीवरच्या पुरचुंड्या उतरवल्या, त्यातलं आंघोळ झालेलं बी ताज्या शेणात कालवलं आणि त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या थाप्या लावल्या. ओल दिसू नये म्हणून दिवसभर चूल धगधगती ठेवली. चांगलं बी स्वतःच्या लुगड्याच्या फाटक्या पदरात बांधून तांदळाच्या मडक्यात तळाशी घातलं. मी म्हटलं, "सासूबाय, थोडा आपल्याला ठेवूया की." तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नको. सगळाच तिचा."

रिकाम्या झालेल्या पुरचुंड्यांत त्यांनी गावच्या कडू तवशाचं बी बांधून ठेवलं. म्हणाल्या, लोकांचं निदान काहीतरी उगवू दे.

वैशाखात वन्सं आल्या आणि परत जायला निघाल्या. मामंजींनी खुंटीवरची पुरचुंडी आणून दिली. सासूबाईंनी वन्संना पोचवायला जाताना ती मामंजींच्या नजरेआड काढून घेतली आणि आपली दिली. सांगितलं, "ह्या बी मी काढलाय. तूच लाव. कोनाला हात लावू देव नको." वन्सं लावायला तयार नव्हत्या. लावून उगवलं नाही तर काय होईल याची त्यांना भीती वाटत होती. पण आईनं पदराला गाठ मारून दिली तेव्हा त्या घेऊन गेल्या.

मिरगाच्या सुमारास मामंजींनी धुतलेलं धोतर नेसून आमच्या परड्यात तवशाची आळी केली, भिंतीवरच्या थाप्या फोडल्या आणि आपल्या गुणवंत हातानं बी टाकलं. माझा गोठ्यामागचा माठ रुजला. काटेरी वांगी रुजली. पडवळानं मांडवाकडे हात पसरले. तवशाच्या आळ्यात गवत तेवढं आलं, तेही मनापासून.

मामंजींनी आधी मुंग्यांवर संशय घेतला. मग पावसावर. मग शेजारच्या म्हातारीच्या नजरेवर. वाडीतले लोक पाहायला येऊ लागले. त्यांच्या येण्यात दुःख होतं असं मी म्हणणार नाही. त्यातला एक जण, बी नेऊन नेऊन थकलेला, आळ्याशी उकिडवा बसला आणि फार गंभीरपणे मामंजींना म्हणाला, "बी सारखाच असतो, तात्या. हात लागतो." त्या वर्षी मामंजींच्या पुरचुंडीतलं बी त्याच्याकडे रुजलं होतं. कडू का होईना, वेल मांडवावर चढला होता. भाताची पहिली मूठ टाकायला त्या वर्षी कोणी बोलवायला आलं नाही.

एके दिवशी मामंजींनी आळं उकरलं. एक बी बोटांवर घेतलं, दाबलं. आतून पांढरं पाणी आलं. असलं बी ओळखणारा गावात एकच माणूस होता. ते घरात आले, चुलीमागच्या भिंतीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी विचारलं, "आमटी घालू?" मामंजी म्हणाले, "घाल." कोणत्या तोंडानं तक्रार करणार? काय म्हणणार, की माझं उकडलेलं बी मलाच दिलं?

गणपतीला खाडीवरून व्याही स्वतः आले. बरोबर वन्सं, आणि गड्याच्या डोक्यावर तवशांची पाटी. व्याही ओटीवर बसायच्या आधीच सांगू लागले, की सुनेनं लावलं, सगळं रुजलं, सासूनं कौतुकानं साडी घेतली आणि लावणीच्या दिवशी पहिली जुडी सुनेच्याच हातून लावली. वन्सं आत माझ्याजवळ आल्या आणि मला मिठी मारून नुसत्या हसत राहिल्या. दोन वर्षांनी त्यांचा तसा चेहरा पाहिला आणि मला रडू आलं. बाहेर व्याही मामंजींच्या पानात फोड टाकत म्हणत होते, "खावा पाव्हणं, देठासकट खावा. आमच्याकडचा हाय."

मामंजींनी ती फोड खाल्ली. जेवण झाल्यावर ते परसात जाऊन चिरलेल्या तवशातलं बी निवडताना मला दिसले. पण खायचं तवसं कोवळं असतं. त्यातलं बी नुसता गर. ते त्यांच्या बोटांत फुटत होतं.

तेव्हा उरला एकच मार्ग. संक्रांत झाल्यावर वन्संना माहेरपणाला आणायचं निमित्त काढून मामंजी व्याह्यांकडे निघाले. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मी. सासूबाईंनी मला निघताना बाजूला घेऊन सांगितलं, नीट बघून ये. गोवळकोटच्या धक्क्यावरून मचव्यानं आम्ही खाडी उतरलो.  आयुष्यात पहिल्यांदा मामंजी कोणाकडे तवशाचं बी मागायला चालले होते.

मागितलं त्यांनी. रात्री जेवताना, ताटाकडे बघत. व्याही मोठ्या मनाचे. म्हणाले, "अहो, बियाला कोन नाय म्हनतो? सकाळी पुरचुंडी बांधून देतो. फक्त एक हाय हां, हात लागतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बाहेर आले तर मामंजी न्हाणीच्या चुलीशी बसलेले. वर हंडा रटरटत होता. मला वाटलं, थंडी वाजत असेल. व्याह्यांनाही तसंच वाटलं. ते म्हणाले, पहिली आंघोळ तुम्ही करा. मामंजी म्हणाले, नको, बसतो जरा. घरातलं जो कोणी न्हाणीकडे येई, त्याच्या तोंडाकडे न बघता मामंजी त्याच्या हातांकडे बघत. वन्संची जाऊ आली, दीर आला, पोरं आली. मग वन्संच्या सासूबाई आल्या, हातात फडक्याची पुरचुंडी. मामंजी ताडकन उठले आणि वाट अडवून उभे राहिले.

"काय हाय त्यात?"

बाई दचकल्या. म्हणाल्या, "शिकेकाय हो. न्हायचा हाय आज." मामंजी खाली बसले.

वन्सं मागेच होत्या. कमरेवर घागर होती. त्यांनी बापाकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, सासूच्या हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं. ज्या मुलीनं लहानपणापासून बियांची आंघोळ बघितली होती, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. सासू आत गेल्यावर वन्संनी घागर खाली ठेवली.

"म्हंजे बाबा, माज्या बियाला पन?"

मामंजी चुलीत लाकूड सारू लागले. ते आधीच पुरतं आत गेलेलं होतं. मग म्हणाले, "पानी फारसा कडत नव्हता."

वन्सं म्हणाल्या, "दोन वर्सा मी बांदावर बसले, बाबा."

एवढंच. आवाजही चढला नाही. आत गेल्या आणि ओंजळभर बी घेऊन आल्या. पुरचुंडी नाही, काही नाही, नुसत्या ओंजळीत. मामंजींचे हात धरून त्यांच्या तळव्यांवर ते ओतलं आणि म्हणाल्या, "घ्या. कोरडा हाय." बी सांडू नये म्हणून मामंजींना डोळेही पुसता येईनात. मी पुढे होऊन बियांखाली पदर धरला.

ते बी आमच्या परड्यात रुजलं, सगळंच्या सगळं. पुढे मागेल त्याला मामंजी ते देऊ लागले, कोरडं. दोन-तीन वर्षांत वाडीतल्या प्रत्येक मांडवावर आमचं तवसं लोंबू लागलं. मामंजी मग म्हणत, तवशाला आता पहिली चव राहिली नाही. चव तीच होती. आंघोळीला ते गार पाणी घेऊ लागले, आणि गार पाणी प्रकृतीला कसं चांगलं, यावर ओटीवर बसून लोकांना उपदेश करत. माणूस एका बाजूनं खाली बसला की दुसऱ्या बाजूनं वर यायला बघतो.

वन्सं पुढे दर वैशाखात माहेरी येत राहिल्या, नंतर कडेवर पोर घेऊन. परत निघाल्या की मामंजी आपण होऊन बी आणून देत. पडवळाचं, भेंडीचं, माझ्या माठाचंसुद्धा. देताना फडकं उघडून दाखवत. वन्सं वाकून नमस्कार करत, हसून बोलत, पोराला आजोबांच्या हातात देत. मग फडक्यातलं एक बी उचलून दाताखाली फोडून बघत, आणि बाकीचं पदराला बांधत. ते बी फुटेपर्यंत मामंजी दुसरीकडे बघत उभे राहत.